जीर्णोद्धाराची नीती

जीर्ण झालेली वस्तू पुन्हा वापरात आणणे ही वरकरणी कारागिरीची बाब आहे. तिच्यात नीतीचाही प्रश्न आहे, हे बहुधा काम निम्मे झाल्यावर ध्यानात येते. एखादा मनुष्य मोडकळीस आलेली जीप घरी आणतो, अंगणात विटांच्या थरांवर चढवतो आणि सुटीच्या दिवशी तिचा एकेक भाग सोडवू लागतो. गंजून बसलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडावे लागते. सोडवलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधावी लागते. तुळईला साखळीची कप्पी अडकवून इंजिन उचलावे लागते. येथवरचा प्रश्न कौशल्याचा आणि चिकाटीचा असतो. परंतु सगळे भाग जमिनीवर मांडून झाले, की त्यांपैकी प्रत्येकाविषयी एक निर्णय घ्यावा लागतो. हा भाग आहे तसा ठेवायचा, दुरुस्त करायचा, की टाकून देऊन त्याजागी नवा बसवायचा? आणि हे ठरवायचे ते कोणत्या न्यायाने?

हा न्याय कौशल्यातून मिळत नाही. त्यासाठी आधी हे ठरवावे लागते, की जीर्णोद्धार करणारा कोणाचे देणे फेडत असतो. ज्यांनी वस्तू घडवली त्यांचे, ज्यांनी ती वापरली त्यांचे, की जे ती पुढे वापरतील त्यांचे? प्रश्न अर्थातच जीपपुरता नाही. मंदिरे, हस्तलिखिते आणि भाषा यांच्या बाबतीतही तो उभा राहतो. तमिळनाडूतील कुंभकोणम् या नगरीत तो शतकानुशतके आणि वाहनांच्याच संदर्भात उभा राहत आला आहे. तेथे दरवर्षी रस्त्यावर येणारे लाकडी रथ आहेत, दगडात कायमचे थांबलेले रथ आहेत, आणि या दोहोंच्या दुरुस्तीची दीर्घ परंपरा आहे. अंगणातील जीप आणि कुंभकोणम् येथील रथ एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, तर या प्रश्नाची दोन अंगे स्पष्ट होतात, असे दिसून येईल.

जीपची जन्मकथाच या दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकी सैन्याने १९४० साली हलक्या, चारही चाकांना गती मिळणाऱ्या टेहळणी वाहनाची मागणी केली. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने दिला. पुढे विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून महायुद्ध संपेपर्यंत सुमारे ६ लाख ४० हजार जीप तयार केल्या. दोन्ही कारखान्यांतील भाग परस्परांत बसले पाहिजेत, ही अट होती. रणांगणावर तीन मोडक्या गाड्यांमधून एक चालती गाडी उभी करता आली पाहिजे, हा त्यामागील हेतू. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र यांच्या कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढील काही दशकांत हे वाहन लष्कर, वनखाते, मामलेदार कचेरी, ऊसमळे आणि घाटवाटा असे सर्वत्र पोचले. जेथे रस्ता संपतो तेथून पुढे जाणारे वाहन अशी त्याची ओळख झाली. रस्ता संपतो तेथे दुरुस्तीची दुकानेही संपतात. त्यामुळे जे वाहन साध्या पान्यांनी वाटेत उघडता आणि बसवता येईल, तेच उपयोगाचे.

याचा अर्थ असा, की ज्यावाचून जीप जीप राहणार नाही असा एकही भाग तिच्या रचनेत नाही. प्रत्येक भाग बदलण्यासाठीच घडवलेला आहे. असे असूनही आज जुन्या जीपचा जीर्णोद्धार करणारे लोक एका विशिष्ट बोल्टसाठी महिनोन्महिने शोध घेतात. फोर्डने आपण बनवलेल्या भागांवर, अगदी बोल्टच्या माथ्यावरही, 'एफ' हे अक्षर उमटवले होते. ते अक्षर असलेला बोल्ट आणि नसलेला बोल्ट यांच्या कामात तिळमात्र फरक नाही. तरीही मूळ बोल्ट मिळाला नाही, तर काहीतरी अपुरे राहिले असे त्यांना वाटते. ज्या वस्तूच्या कर्त्यांनी कोणताही भाग अनन्य मानला नाही, तिच्या भक्तांनी प्रत्येक भाग अनन्य मानावा, हा विरोधाभास आहे. तो हसून सोडून देण्याजोगा नाही. त्यात वस्तूविषयीच्या दोन वेगळ्या निष्ठा समोरासमोर आल्या आहेत.

तत्त्वज्ञानाच्या इतिहासात हा प्रश्न पुरातन आहे, आणि भारतीय परंपरेत तो वाहनाच्याच उदाहरणाने मांडला गेला, हे लक्षणीय होय. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? दांडी म्हणजे रथ काय? आस, चाके, जू, लगाम यांपैकी काही रथ आहे काय? प्रत्येक प्रश्नाला राजा नकार देतो. अखेर निष्पन्न होते ते असे, की या सर्वांच्या जुळणीवर अवलंबून 'रथ' हा व्यवहार होतो. भागांपलीकडे रथ नावाचे वेगळे तत्त्व नाही. ग्रीकांच्या परंपरेत प्लुटार्कने थीसियसच्या नौकेची कथा सांगितली आहे. तिच्या कुजलेल्या फळ्या अथेन्सचे लोक एकेक करून बदलत गेले, आणि नौका तीच राहिली की नाही, यावर तत्त्वज्ञांचे वाद झाले. हॉब्जने १६५५ साली या कथेला नवे वळण दिले. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरी नौका उभी केली, तर खरी नौका कोणती?

हॉब्जची शंका जीपच्या बाबतीत काल्पनिक राहत नाही. लिलावात निघालेल्या लष्करी जीपचे सांगाडे भंगारबाजारात सुटे होतात. एकीची चौकट, दुसरीचे इंजिन आणि तिसरीचे बॉनेट मिळून चौथी गाडी तयार होते, आणि पहिल्या तिन्ही गाड्यांचे अवशेष आणखी कोठे कोठे चालत असतात. त्यांतील 'तीच' जीप कोणती, याचे उत्तर व्यवहारात परिवहन कार्यालय देते. नोंदणीपुस्तकात चासीचा, म्हणजे मूळ चौकटीचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि तो क्रमांक जिच्यावर आहे ती गाडी तीच, असे मानले जाते. नागसेनाच्या भाषेत सांगायचे, तर हाही एक व्यवहारच आहे. तथापि या व्यवहाराने गाडीची ओळख ठरली, तरी अंगणात भाग मांडून बसलेल्या माणसाचा प्रश्न सुटत नाही. गाडी कायद्याने तीच राहणार आहे, हे ठाऊक असूनही त्याला ठरवायचे असतेच, की यातले काय ठेवावे आणि काय काढावे. ओळखीचा प्रश्न आणि कर्तव्याचा प्रश्न असे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे समाधानकारक उत्तर मिळाले, तरी दुसरा तसाच शिल्लक राहतो.

हा दुसरा प्रश्न किती अवघड होऊ शकतो, हे एका नेहमीच्या उदाहरणावरून दिसेल. पेट्रोल परवडेनासे झाले तेव्हा ग्रामीण भागातील अनेक मालकांनी जीपचे पेट्रोल इंजिन काढून तेथे डिझेल इंजिन बसवले. त्यासाठी चौकटीवर नवे टेकू जोडले, बॉनेटखाली जागा केली, आणि अशा गाड्या पुढे वर्षानुवर्षे शेतमाल, माणसे आणि आजारी माणसे वाहत राहिल्या. आज अशी गाडी जीर्णोद्धारासाठी आली, तर ते डिझेल इंजिन काढून मूळ जातीचे पेट्रोल इंजिन शोधून बसवावे काय? कारखान्याशी इमान राखायचे, तर बसवावे. परंतु ते बसवताना त्या शेतकऱ्याची आणि गावच्या मिस्त्रीची बुद्धी, त्यांची अडचण आणि तिच्यावर त्यांनी काढलेली वाट, हे सर्व 'बिघाड' म्हणून पुसले जाते. कारखान्यातील जीपचे आयुष्य एका दिवसाचे होते. बाहेरचे पन्नास वर्षांचे. त्या एका दिवसाला सगळे सत्य बहाल करायचे आणि पन्नास वर्षे खोटी ठरवायची, यात न्याय कोठे आहे?

जॉन रस्किनने १८४९ साली वास्तूंच्या पुनरुद्धारावर टीका करताना हीच नस पकडली होती. त्याच्या मते असा पुनरुद्धार म्हणजे असत्य होय, कारण गेलेला कारागीर आणि गेलेला काळ परत आणता येत नाही. त्याचे म्हणणे टोकाचे आहे.  पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेने मधला मार्ग काढला. जुन्यात नवे बसवायचे झाल्यास ते एकूण रचनेशी सुसंगत असावे, पण जुन्यापासून ओळखूही यावे, असे तिचे तत्त्व आहे. दुरुस्ती करावी, मात्र ती दुरुस्ती आहे हे लपवू नये, असा त्याचा साधा अर्थ. मराठी घरांतील जुन्या गृहिणींना हे तत्त्व सनदेवाचून कळत होते. भांड्याला डाख लावला, की डाख दिसे. भांडे नवे आहे असा दावा कोणी करीत नसे, आणि डाख आहे म्हणून ते कोणी टाकूनही देत नसे.

भारतात २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन जुन्या वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात जतन केलेली, चासी, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतात. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीस २० हजार आणि फेरनोंदणीस ५ हजार रुपये शुल्क आहे. परंतु अशा वाहनाला रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर येण्याची मुभा नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतेच ते बाहेर पडू शकते. या नियमामागे वारसा जपण्याचा स्तुत्य हेतू आहे, हे मान्य केले पाहिजे. तरी त्यातील देवाणघेवाण ध्यानात घेण्यासारखी आहे. वाहनाचे मूळ रूप शाबूत असल्याची मोहोर मिळते, आणि तिच्या मोबदल्यात वाहनाचे वाहनपण बहुतांशी सोडून द्यावे लागते. शेतकऱ्याची डिझेल जीप या वर्गात बसणार नाही. ती अद्याप चालते आहे, हाच जणू तिचा दोष. मूळ रूप आणि उपयोग यांची अशी फारकत अपरिहार्य आहे काय, हे पाहण्यासाठी कुंभकोणम् येथे जावे लागते.

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या दरम्यान वसलेल्या या नगरीचे नावच एका फुटलेल्या पात्राशी निगडित आहे. प्रलयकाळी बीजे आणि अमृत यांनी भरलेला कुंभ तरंगत येथे आला आणि किरातरूपी शिवाने बाण मारून तो फोडला, असे स्थलपुराण सांगते. त्या कुंभाचे तुकडे आणि अमृतात भिजलेली वाळू यांपासून आदिकुंभेश्वराचे लिंग घडले, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच त्याला पाण्याचा अभिषेक घालत नाहीत, असे सांगतात. पूजेचे विधीही वस्तूच्या नाजूकपणाकडे पाहून ठरवावेत, हा त्यातील विवेक हृद्य आहे. जीर्णोद्धाराचा विधीही येथे कुंभावाचून होत नाही. मंदिराची दुरुस्ती काढायची झाल्यास मूर्तीतील देवत्व कुंभातील जलात उतरवून घेतात आणि 'बालालय' या तात्पुरत्या स्थानी त्याची पूजा चालू ठेवतात. काम पुरे झाले, की कुंभाभिषेक करून ते पुन्हा मूळ स्थानी नेतात. साधारणपणे बारा वर्षांनी हा क्रम व्हावा, असा संकेत आहे.

या विधीचा धार्मिक आशय बाजूला ठेवला, तरी त्यातील विचार उरतो. दुरुस्तीच्या काळात वस्तू ही केवळ दगडमाती असते. कारागिराने तीवर निःशंकपणे छिन्नी चालवावी. मात्र ती ज्यासाठी आहे ते कार्य या काळातही खंडित होऊ नये. वस्तूचे प्रयोजन आणि वस्तूचे द्रव्य यांना काही काळ वेगळे करण्याची सोय परंपरेने केली, आणि त्यांना पुन्हा एकत्र आणण्याचे बंधनही घातले. अंगणात वर्षानुवर्षे सुटी पडून राहिलेली आणि पुन्हा कधीच न जोडली गेलेली गाडी ज्याने पाहिली असेल, त्याला या दुसऱ्या बंधनाचे मोल कळेल.

कुंभकोणम् येथील शार्ङ्गपाणी मंदिरात दोन प्रकारचे रथ आहेत. गर्भगृहच दगडी रथाच्या आकाराचे आहे. त्याला चाके कोरलेली आहेत आणि हत्ती व घोडे तो ओढीत आहेत. जवळच्या दारासुरम् येथील ऐरावतेश्वर मंदिराचा मंडपही असाच रथाकार आहे. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेले हे मंदिर २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत आले. हे रथ हलत नाहीत. परंतु शार्ङ्गपाणीचा लाकडी रथ, ज्याला तमिळमध्ये 'तेर्' म्हणतात, उत्सवाच्या दिवशी मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून शेकडो हातांनी ओढला जातो. तमिळनाडूतील सर्वांत मोठ्या रथांत त्याची गणना होते. मोह, साग, बिबळा अशा झाडांचे टिकाऊ लाकूड अशा रथांसाठी वापरतात. ऊन, पाऊस, वाळवी आणि दरवर्षीचा तो प्रचंड हिसका यांमुळे फळ्या आणि आस झिजतात, कोरीव पट्ट्या सुटतात, आणि मग सुतार नवे लाकूड घेऊन कामाला लागतात. रथ तोच राहिला काय, असे कोणी विचारीत नाही. तो वळणावर वळला आणि आपल्या जागी परत आला, एवढे लोकांना पुरते.

या परंपरेने बदलाला कोठवर वाव दिला, हे जवळच्या तिरुवारूर येथील रथावरून दिसते. तेथील विशाल रथ विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आगीत नष्ट झाला. नवा बांधला गेला, काही काळ चालला, मग थांबला, आणि १९७० साली पुन्हा चालू झाला. तिरुचिरापल्ली येथील भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कारखान्याने त्याला पोलादी चाके आणि द्रवदाबावर चालणारे ब्रेक बसवून दिले. बाष्पित्रे बनवणाऱ्या कारखान्याने देवाच्या रथाला ब्रेक लावावेत, यात कोणाला विसंगती वाटली नाही. कारण रथ ओढणाऱ्यांचा आणि चाकाखाली लाकडी पाचर सरकवून तो वळवणाऱ्यांचा जीव त्यावर अवलंबून असतो. वाहनाचे देणे त्याच्यावर बसलेल्यापुरते नसते, त्याच्या बाजूने चालणाऱ्यांचेही असते. तंजावरजवळच्या कळिमेडू येथे २७ एप्रिल २०२२ रोजी रथोत्सवात रथ उच्च दाबाच्या वीजवाहिनीला लागून ११ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा हे अत्यंत दुःखद रीतीने प्रत्ययास आले. घरी जीप दुरुस्त करणाऱ्याने बोल्टच्या माथ्यावरील अक्षरासाठी सहा महिने थांबावे. पण ब्रेकच्या नळकांड्यातील जुने रबर केवळ मूळचे आहे म्हणून ठेवू नये. तेथे मूळपणाचा आग्रह हा परक्याच्या जिवावर केलेला शौक ठरतो.

तेव्हा प्रयोजन हीच अखेरची कसोटी मानावी, असे वाटू लागते. वस्तू चालती राहिली की पुरे. परंतु कुंभकोणम् आणि त्याचा परिसर या उत्तरालाही सहजासहजी मान्यता देत नाही. तमिळनाडूतील अनेक मंदिरांच्या जीर्णोद्धारात भिंती स्वच्छ करण्यासाठी यंत्राने वाळूचा मारा करण्याची पद्धत रूढ झाली. तेल, काजळी आणि चुन्याचे थर तिने झटपट निघतात. दगड उजळ दिसतो. पण त्याबरोबर दगडाची पृष्ठभागाची कातही निघते आणि तिच्यावर कोरलेले लेख पुसट होतात. जाणत्यांनी यावर आक्षेप घेतला, धर्मादाय खात्याने या पद्धतीला मनाई केली, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापुढे गेले. न्यायालयाच्या सांगण्यावरून युनेस्कोच्या तज्ज्ञांनी काही मंदिरे पाहिली, आणि २०१७ सालच्या त्यांच्या अहवालाने अशा नूतनीकरणाच्या रीतीवर कठोर टीका केली. येथे प्रयोजनाला कोठेही बाध आला नव्हता. पूजा चालू होती, कुंभाभिषेक यथासांग झाले होते. जे नष्ट झाले ते वेगळेच होते.

वाळूचा हाच मारा जीपचा गंज काढण्यासाठीही वापरतात. चौकटीवरचा गंज पोलाद खातो. तो काढलाच पाहिजे. पण जुन्या गाडीच्या बॉनेटवर रंगांचे एकाखाली एक थर असतात. धीराने, हाताने घासत गेले, तर कधी खालच्या थरात युद्धकाळात रंगवलेले आकडे सापडतात, कधी एखाद्या खात्याचे नाव. यंत्राच्या एका फवाऱ्यात ते सारे धुळीत जाते, आणि मालकाला कळतही नाही की काय गेले. साधन एकच, एके ठिकाणी त्याने वस्तू वाचते, दुसऱ्या ठिकाणी तिची साक्ष मरते. या दोहोंतील फरक साधनात नाही. समोर आहे तो गंज आहे की लेख, हे ओळखण्यात तो आहे, आणि ते ओळखण्यासाठी थांबावे लागते.

मराठी वाचकाला हा मुद्दा दूरचा वाटण्याचे कारण नाही. कुंभकोणम् पासून जवळच, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, १८०३ साली, भोसले घराण्याचा विस्तृत इतिहास मराठीत कोरला गेला. आठशे वर्षे जुन्या चोळ मंदिराच्या दृष्टीने हा लेख 'मूळ' नव्हे. ती नंतरची भर आहे. मूळ रूपाचा कर्मठ आग्रह धरणाऱ्याला तो आगंतुक वाटेल, आणि केवळ पूजेच्या प्रयोजनाकडे पाहणाऱ्याला अनावश्यक. दोन्ही न्यायांनी तो पुसला गेला तरी चालेल. तो राहिला पाहिजे असे ज्या न्यायाने म्हणता येते, तो तिसरा आहे. वस्तूच्या अंगावर ज्यांनी आपली खूण सोडली, त्यांचे म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क दुरुस्ती करणाऱ्याने हिरावून घेऊ नये.

जीर्णोद्धार करणाऱ्यावर अशा प्रकारे दोन देणी असतात. एक चालीचे, दुसरे साक्षीचे. वस्तू ज्यासाठी घडली ते काम तिने, शक्य तोवर आणि कोणाला इजा न करता, करीत राहावे, हे पहिले. तिच्यावर जे जे घडले त्याची खूण किंवा निदान नोंद राहावी, हे दुसरे. 'व्हीए' क्रमांकाचा नियम साक्षीसाठी चाल जवळजवळ थांबवतो. वाळूचा फवारा चालीसाठी साक्ष पुसतो. दोहोंत एकेक देणे बुडते. दोन्ही पूर्ण फेडणे नेहमी शक्य नसते, हे खरे. विलिस जीपच्या पत्र्याखालील आडव्या पट्ट्यांमध्ये कारखान्यानेच लाकडाच्या पट्ट्या घातल्या होत्या. त्यांत पाणी मुरून पत्रा आतून कुजत असे. तेथे मूळ लाकूड परत घालणे म्हणजे साक्षीसाठी पुन्हा कुजण्याची तजवीज करणे होय. ते घालू नये. मात्र तेथे लाकूड होते हे लिहून ठेवावे. चाल आणि साक्ष यांच्यात तंटा आला, तर जिवाशी संबंध असेल तेथे चालीचे ऐकावे, आणि ऐकताना साक्षीची नोंद करावी. जेथे जिवाशी संबंध नाही, केवळ झगमगाटाशी आहे, तेथे साक्षीचे ऐकावे. शेतकऱ्याचे डिझेल इंजिन काढावेच लागले, तर त्याचे टेकू चौकटीवर राहू द्यावेत. ते कोणाला आडवे येत नाहीत. नव्या पत्र्यावर, दिसणार नाही अशा जागी, साल ठोकावे. गाडी विकताना काय मूळचे आणि काय बदललेले ते सांगावे. न सांगितल्यास जीर्णोद्धाराचा बनाव होतो.

हे सारे घरी करण्यात काही विशेष आहे काय? आहे. कारखान्यात किंवा मोठ्या गॅरेजात निर्णय एकाचा, हात दुसऱ्याचे आणि धोका तिसऱ्याचा असतो. घरी या तिन्ही गोष्टी एका माणसात येतात. ज्याने बोल्ट आवळला तोच घाटात ब्रेक दाबणार असतो, आणि त्याच्याच घरची माणसे मागे बसलेली असतात. नीतीचा विचार नियमांपेक्षा अशा स्थितीत लवकर सुचतो. अर्थात घर ही सदसद्विवेकाची हमी नव्हे. घरातही अहंकार असतो, आणि स्वतःच्या कल्पनेतील आदर्श जीप उभी करण्याच्या नादात समोरची खरी जीप नाहीशी करणारे पुष्कळ असतात.

साहित्याच्या क्षेत्रात या कर्तव्याचा फार मोठा दाखला मराठीत आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरात आणि लेखनात शिरलेली भर त्यांनी काढली, आणि स्वतः थोर कवी असूनही त्या ग्रंथात आपली ओवी मिसळू दिली नाही. पुढीलांनाही तसे न करण्याविषयी बजावले. ग्रंथ लोकांनी वाचत राहावा ही त्याची चाल, आणि तो ज्ञानदेवांचाच राहावा ही त्याची साक्ष. दोन्ही देणी एकदम फेडली गेल्याची अशी उदाहरणे थोडी.

भाषेचे मात्र असे शुद्धीकरण होत नाही. कुंभकोणम् व तंजावर येथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांत, ज्यांतील एकात पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण झालेले टी. माधवराव १८२८ साली जन्मले, बोलीची दुरुस्ती साडेतीनशे वर्षे घरच्या घरी होत आली. जो शब्द झिजला त्याजागी तमिळ शब्द बसला. वाक्याची चौकट आणि काही जुनी रूपे राहिली. पुण्याच्या कानाला ती मराठी ओबडधोबड वाटेल, आणि तिला 'मूळ' करण्याची इच्छाही कोणाला होईल. परंतु तिच्यात जडलेला प्रत्येक तमिळ शब्द हा त्या घरांनी कावेरीकाठी काढलेल्या दिवसांचा साक्षीदार आहे, आणि त्या शब्दांच्या आधाराने ती बोली आजही काही स्वयंपाकघरांत चालते. तिला शुद्ध करून कपाटात ठेवण्यापेक्षा तिच्यात बोलणारी दोन माणसे असणे अधिक मोलाचे. त्यांनी काय बदलले, हे लिहून ठेवणारा तिसरा कोणी असला, तर तिचा खरा जीर्णोद्धार झाला असे म्हणता येईल.